साहेबांच्या नावाची चूक

आपल्या नावाचा रस्ता असावा, पूल असावा, निदान बागेत एखादं बाकडं असावं, असं माणसाला वाटलं तर आपण समजू शकतो. पण आपल्या नावाची एखादी चूक असावी म्हणून झुरणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच असेल, आणि ते म्हणजे आपले साहेब.

साहेब विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात. लोकांचं काहीतरी जळतं, फुटतं, चोरीला जातं आणि ते रडवेले चेहरे करून अर्ज घेऊन येतात. त्या अर्जातली खोट शोधून काढायची आणि खाली शेरा मारायचा, हे साहेबांचं काम. ऑफिसात पाठीमागे त्यांना 'नामंजूरसाहेब' म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आतून आवडतही होतं. एकदा एका बाईंनी खिडकीतून पाणी येऊन भिजलेल्या गालिच्याचा दावा केला, तर साहेबांनी विचारलं होतं, "त्या दिवशी पाऊस पडला याला पुरावा काय?" आता त्या दिवशी साहेब स्वतः चिंब भिजून ऑफिसात आले होते. पण ती त्यांची खाजगी माहिती झाली, कंपनीची नव्हे.

तर अशा माणसाच्या बायकोने एका संध्याकाळी जाहीर केलं की तिला कायद्याच्या सायंकालीन कॉलेजात प्रवेश घ्यायचाय, त्यासाठी प्रवेश परीक्षा आहे, आणि परीक्षेत एक मोठा विभाग तर्काचा आहे. चार ओळींचा युक्तिवाद देतात आणि त्यात चूक कुठे आहे ते ओळखायचं.

"दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक?" साहेब खुर्चीत सरळ बसले. "अगं, मग क्लास कशाला, पुस्तकं कशाला? मी आहे ना!"

बायकोने पुस्तक उघडून पहिला प्रश्न वाचला. "एका गावात दवाखाना उघडला. त्यानंतर गावातल्या आजारी माणसांची संख्या वाढली. म्हणून दवाखान्यामुळे माणसं आजारी पडतात. या युक्तिवादात काय चुकलं?"

"दवाखाना कुठल्या तारखेला उघडला?"

"ते दिलेलं नाही."

"चूक नंबर एक. आजारी माणसं मोजली कोणी?"

"अहो, ते खरं धरायचं असतं."

"खरं धरायचं?" साहेबांचा आवाज चढला. "समोरच्याने लिहून आणलेलं खरं धरायचं? मग मला पगार कशाचा देतात?"

बायकोने शांतपणे समजावलं की परीक्षेत दिलेली माहिती सगळी खरीच मानायची असते. फक्त त्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष कुठे घसरतो तेवढं बघायचं. साहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाला विचारलं, "या शहरातले सगळे शिक्षक चष्मा लावतात म्हणे, प्रत्येकाचा चष्मा बघितला का?" त्याच्या पुढच्या प्रश्नाला त्यांनी पावती मागितली. पुस्तकामागच्या उत्तरांशी ताडून पाहिलं तेव्हा साहेबांचं एकही उत्तर बरोबर निघालं नाही. "पुस्तकच चुकीचं छापलंय," साहेब म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं! बायकोने पुस्तक मिटलं. पण दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी पुस्तक घेऊन खाली जायला लागली.

खाली म्हणजे तळमजल्यावर, दाताच्या डॉक्टरकडे. हे डॉक्टर त्याच परीक्षेला बसणार होते. दात सोडून कायदा कशाला, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "दिवसभर मी बोलतो आणि समोरचा तोंड उघडं ठेवून ऐकतो. कुणी उलट म्हणून बोलत नाही. कंटाळा आला हो! एकदा तरी उलट बोलणाऱ्यांत जाऊन बसायचंय." डॉक्टरांचं वय साहेबांएवढंच, पण डोक्यावर केस होते. थोडेथोडके नव्हेत, सगळे. शिवाय शेवटचा पेशंट गेला की ते दवाखान्यातली ती मागे रेलणारी खुर्ची साहेबांच्या बायकोला बसायला देत आणि स्वतः स्टुलावर बसून प्रश्न वाचत. साहेबांच्या घरी तिला जेवताना तरी नीट पाठ टेकायला मिळत होती की नाही, देव जाणे.

बरं, दोघंच बसत असते तर साहेबांना उघड संशय तरी घेता आला असता. पण साहेबांची आईसुद्धा सुनेबरोबर खाली जाऊन बसायची. "मला तेवढाच विरंगुळा," असं म्हणायची आणि जाताना कवळी चमकवून घ्यायची. वरच्या मजल्यावरच्या काकूही डोकावायच्या. साहेब ऑफिसातून येत तेव्हा घरात झाकून ठेवलेलं जेवण असे, आणि जिन्यातून हसण्याचे आवाज वर येत असत. त्या हसण्यात बायकोचं हसणं साहेबांना वेगळं ओळखू यायचं. असं हसणं त्यांनी घरात शेवटचं कधी ऐकलं होतं, ते आठवेना. साहेबांच्या पोटात दुखायला लागलं. औषधाने बरं होईल अशा जागी ते दुखत नव्हतं.

एकदा जिन्यात काकू भेटल्या.

"काय हो, काय चालतं तिथे एवढं?" साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अभ्यास!" काकू म्हणाल्या. मग एक पायरी खाली उतरून हळूच म्हणाल्या, "तो तिला वहिनी म्हणतो."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं! माझ्या भाच्याच्या शेजारी एक होता, तोही सारखा वहिनी वहिनी करायचा. पुढे काय झालं ते विचारू नका. वहिनी म्हणणारी माणसं सगळी तसलीच." काकूंनी मान हलवली. "माझं ऐका, एकदा जाऊन डोळ्यांनी बघून या. पण सरळ जाऊ नका, शोभत नाही. दात दुखतोय म्हणा."

एरवी असल्या सल्ल्याची साहेबांनी चिरफाड केली असती. भाचा कोण, शेजारी कुठला, पुढे नक्की काय झालं, सगळं लेखी मागितलं असतं. पण मत्सर असा प्राणी आहे की तो माणसाकडे कधी पुरावा मागत नाही. दुसऱ्याच दिवशी साहेब गालाला हात लावून दवाखान्यात हजर झाले.

"अरेच्चा, साहेब! या या. वहिनी, तुम्ही जरा स्टुलावर बसता का?" डॉक्टरांनी साहेबांना खुर्चीत आडवं केलं, डोक्यावर दिवा लावला, तोंड उघडायला सांगितलं आणि आत बघून शीळ घातली. "बरं झालं आलात. दात आतून पोखरलाय."

साहेबांचा एकही दात दुखत नव्हता. पण ते सांगायची सोय राहिली नव्हती, कारण तोवर तोंडात कापसाचे बोळे, एक नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं एवढा ऐवज जमा झाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"वहिनी, वेळ कशाला घालवायचा? तुम्ही वाचा, माझे हात चालू आहेत," डॉक्टर म्हणाले.

बायकोने वाचायला सुरुवात केली. "पुलावर नवे दिवे लावले. त्यानंतर नदीतले मासे कमी झाले. म्हणून..."

"साडू!" डॉक्टर, बायको आणि कोपऱ्यात बसलेली आई एकदम ओरडले.

साहेब दचकले. साडू? त्यांच्या मेहुणीचा नवरा? तो कुठून आला यात?

"पुढचा," बायको म्हणाली. "हे पुस्तक विश्वासार्ह आहे, कारण त्या पुस्तकातच तसं लिहिलंय."

"मी! मी!" आई टाळी वाजवून म्हणाली.

"बरोबर, आईंचा," डॉक्टर म्हणाले. बायकोने पुढचा वाचला. "चोर टोपी घालतात. हा माणूस टोपी घालतो. म्हणून हा चोर आहे."

"वॉचमन," डॉक्टर म्हणाले. बिल्डिंगचा वॉचमन टोपीवाल्या प्रत्येक माणसाला फाटकात अडवतो, हे खरंच होतं.

हळूहळू साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. डोक्यावरच्या दिव्याचा तर होताच. पुस्तकातली चुकांची अवघड नावं लक्षात राहत नाहीत म्हणून या लोकांनी प्रत्येक चुकीला ओळखीच्या माणसाचं नाव दिलं होतं. एकामागून दुसरं घडलं म्हणजे पहिल्यामुळेच दुसरं घडलं, ही साडूची चूक. कारण साडूने निळा स्वेटर घेतला आणि त्याला बढती मिळाली, तेव्हापासून तो भर उन्हाळ्यातही तो स्वेटर काढत नाही. 'मी म्हणते म्हणून बरोबर आणि बरोबर आहे म्हणून मी म्हणते' ही आईची. एका भाच्यावरून सगळं जग ओळखायचं, ती काकूंची.

साहेबांना आधी राग आला. घरातल्या माणसांची ही अशी थट्टा, परक्या माणसासमोर! मग त्यांनी श्वास रोखला. आता आपलं नाव येणार. कुठली चूक असेल आपली? काय म्हणत असतील हे आपल्याला? ते वाट बघत राहिले. डॉक्टर कोरत राहिले, बायको वाचत राहिली. साडू आला, पुन्हा साडू आला, काकू आल्या, आई आली, वॉचमन तर किती वेळा आला. साहेब काही आले नाहीत.

"आणि आँई?" साहेब कसेबसे म्हणाले. म्हणायचं होतं, 'आणि मी?'

"दुखतंय का? झालंच हं," डॉक्टर म्हणाले आणि आणखी एक बोळा कोंबला.

त्या दिवसापासून साहेबांना चैन पडेना. बायकोच्या डोक्यात सासूला जागा आहे, शेजारणीला जागा आहे, फाटकातल्या वॉचमनलासुद्धा जागा आहे, आणि नवरा? नवऱ्याची एक साधी चूकसुद्धा तिला आठवू नये? त्यात साडूचा फोन आला. ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"काय म्हणताय! ऐकलंत ना? कायद्याच्या परीक्षेत आपलं नाव आहे! आणि तुमच्या मिसेसच म्हणत होत्या, सगळ्यात जास्त प्रश्न आपलेच येतात. तुमचे किती येतात हो?"

"मोजले नाहीत," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. अंगाचा तिळपापड झाला होता.

मग साहेबांनी ठरवलं की आपल्या नावाची चूक आपणच कमवायची. जेवताना त्यांनी मुद्दाम वाकडंतिकडं बोलायला सुरुवात केली. "आज मी डाव्या बाजूने चाललो आणि बस लगेच मिळाली. यापुढे डाव्या बाजूनेच चालणार."

"भाऊजींचं," बायको ताटातून मान वर न करता म्हणाली.

"आमच्या ऑफिसातला एक वकील खोटारडा आहे. वकील सगळे खोटारडे."

"काकूंचं."

"मी या घरातला कर्ता आहे, कारण घरातले सगळे निर्णय मी घेतो. आणि निर्णय मी घेतो, कारण मी कर्ता आहे!"

"ए, ते माझं आहे हं," आईने सुनावलं. "दुसऱ्याचं काय उचलतोस?"

म्हणजे नवऱ्याच्या तोंडून निघालेल्या वाक्यावरही साडूच्या नावाचा शिक्का! साहेब भात तसाच टाकून उठले. हात धुताना त्यांच्या मनाने घेतलं, की आपणही परीक्षेला बसायचं. डॉक्टरपेक्षा एक तरी गुण जास्त मिळवायचा आणि बायकोच्या समोर नेऊन ठेवायचा. कुणाला सांगायचं नाही. मग बघू या कुणाच्या नावाने काय ठेवतात ते!

अर्ज भरला आणि तो परत आला. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवलेल्या माणसाच्या हातात प्रथमच स्वतःचा अर्ज पडला, आणि त्यावर शेरा होता, 'नामंजूर. फोटोत दोन्ही कान दिसत नाहीत.' साहेबांचा डावा कान जन्मापासूनच डोक्याला चिकटून आहे. त्याला कोण काय करणार? साहेब मदत कक्षात गेले. तिथल्या बाईंनी फोटो लांब धरून बघितला.

"डावा कान कुठाय?"

"आहे ना, हा काय!" साहेबांनी मान वळवून दाखवला.

"इथे असून उपयोग नाही. फोटोत पाहिजे."

"अहो, पण माणसाला दोन कान असतात हे तुम्ही खरं धरायला काय हरकत आहे?"

"आम्ही काहीही खरं धरत नाही," बाई म्हणाल्या. साहेबांना त्या बाईंबद्दल जो आदर वाटला, तो त्यांनी गिळून टाकला. शेवटी एका फोटोवाल्याने कागदाची घट्ट घडी करून कानामागे खोचली, कान बाहेर आला, फोटो निघाला आणि अर्ज मंजूर झाला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साहेब ऑफिसला जातो म्हणून लवकर निघाले आणि केंद्रावर जाऊन रांगेत उभे राहिले. फाटकावरच्या माणसाने प्रवेशपत्र बघितलं, साहेबांकडे बघितलं, पुन्हा प्रवेशपत्र बघितलं.

"फोटोतला कान बाहेर आहे. तुमचा आत आहे."

"तोच आहे हो!"

"मग बाहेर काढून दाखवा."

साहेबांनी बोटाने कान पुढे ओढला. "असाच धरून ठेवा, वरिष्ठांना विचारून येतो," म्हणून तो माणूस आत गेला. साहेब त्या सगळ्या रांगेसमोर स्वतःचा कान धरून उभे राहिले. आणि नेमकी तेव्हाच बायको डॉक्टरांबरोबर तिथे आली.

"अहो? तुम्ही इथे? आणि हे काय, कान का धरलाय?"

साहेबांना जमीन दुभंगली तर बरं असं झालं. "मीही बसतोय परीक्षेला," ते कान न सोडता म्हणाले.

बायको बघतच राहिली. डॉक्टर मात्र मनापासून म्हणाले, "वा साहेब! आधी सांगायचं ना, आमच्याबरोबर बसला असता!" साहेबांना तो माणूस त्या क्षणी सगळ्यात जास्त असह्य झाला. चांगुलपणाला नामंजूर करता येत नाही ही मोठीच अडचण आहे.

वरिष्ठांनी कान ओढून खात्री करून घेतली आणि तिघं एकाच खोलीत आले. बायको पुढे, डॉक्टर खिडकीशी, साहेब मागे. पेपर हातात पडला आणि साहेबांची सवय उफाळून आली. प्रत्येक प्रश्नाला त्यांना तारीख हवी होती, सही हवी होती. एकदा तर त्यांनी हात वर करून पर्यवेक्षिकेकडे शेरे लिहायला जादा कागद मागितला. बाईंनी असं बघितलं की तो हात आपोआप खाली आला. डोळ्यांपुढे बायकोची पाठ दिसत होती. ती भराभर खुणा करत होती. एकदाही मागे वळली नव्हती.

साहेबांनी सुस्कारा सोडून पुढचा प्रश्न वाचला. एका दुकानदाराने दाराला हिरवा रंग दिला. पुढच्या महिन्यात त्याची विक्री वाढली. म्हणून... आणि काय झालं कुणास ठाऊक, साहेबांना रंगाची पावती मागावीशीच वाटली नाही. दार हिरवं होतं, विक्री वाढली होती, मान्य! पण म्हणून दारामुळे वाढली? रंगाचा आणि विक्रीचा काय संबंध? डोळ्यांसमोर निळा स्वेटर घातलेला घामाघूम माणूस उभा राहिला. साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा एक प्रश्न समजला होता. त्या आनंदात ते विसरले की आपण कुठे बसलोय.

"अरे! साडू!" साहेब ओरडले.

खोलीतल्या सगळ्या माना मागे वळल्या. आणि पुढे बायको हसली. तिने तोंडावर हात दाबला, पण हसू आवरेना. खिडकीपाशी डॉक्टरांचे खांदे हलायला लागले. पर्यवेक्षिका ताडकन उठल्या.

थोड्याच वेळात तिघं केंद्रप्रमुखांच्या टेबलासमोर उभे होते. उत्तरपत्रिका टेबलावर होत्या आणि भिंतीवरचं घड्याळ चालू होतं.

"यांनी खूण केली," पर्यवेक्षिका सांगत होत्या, "त्यानंतर या हसल्या, त्यानंतर हे हसले. म्हणजे उघड आहे, कॉपीच!"

"साडू म्हणजे कुठला पर्याय?" केंद्रप्रमुखांनी दरडावलं. "अ, ब, क की ड?"

"सर, साडू म्हणजे यांचे साडू, माझ्या बहिणीचे मिस्टर," बायको म्हणाली. तिचं हसू कधीच पळालं होतं. चेहरा पांढरा पडला होता.

"बहिणीचे मिस्टरही यात आहेत?" केंद्रप्रमुखांनी पेन उघडलं. "तिघांचेही पेपर रद्द."

बायकोने एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. इतक्या दिवसांचा सगळा अभ्यास त्या डोळ्यांत होता. साहेबांना वाटलं, आपल्याला तिच्या नजरेत यायचं होतं, आणि आपण आलो ते असे! मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हे असं केलं की ऑफिसात लोक घाबरतात.

"मॅडम, मी ओरडल्यावर या बाईंनी उत्तरपत्रिकेवर कुठली खूण केली?"

"म्हणजे... केली असणार."

"बघितली का?"

"मी तुमच्याकडे बघत होते."

"म्हणजे बघितली नाही. लिहून घ्या, सर." केंद्रप्रमुख खरंच लिहायला लागले. "आता सांगा, पेपरचे संच किती प्रकारचे असतात?"

"चार. शेजारच्याचं बघून लिहू नये म्हणून प्रश्नांचा क्रम वेगवेगळा असतो."

"माझा आणि यांचा संच एकच आहे का? बघा."

नव्हता. साहेबांचा दारवाला प्रश्न बायकोच्या पेपरात पार शेवटच्या पानावर होता. तिथवर ती पोचलीही नव्हती.

एक क्षण साहेबांच्या मनात पाप आलं. बायकोची सुटका झाली होती. डॉक्टरांचा संच कशाला बघायला सांगायचा? राहू दे की त्याला इथेच उभा. सुंठीवाचून खोकला जाईल! त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. दिवसभर बोलणारा माणूस आज तोंड उघडं ठेवून ऐकत होता. पण अर्धी चौकशी करून शेरा मारणं साहेबांना कधी जमलंच नव्हतं. "यांचाही संच बघून घ्या," ते चरफडत म्हणाले. तोही वेगळाच निघाला.

"पण गोंधळ तर झाला," केंद्रप्रमुख म्हणाले. "मला वर काहीतरी कळवावं लागेल ना!"

"गोंधळ मी घातला. त्याला अख्खी खोली साक्षीदार आहे. माझा पेपर रद्द करा, आणि या दोघांना आधी आत सोडा. घड्याळ चालू आहे."

बायको धावतच गेली. दारापाशी ती क्षणभर थांबली, वळून बघितलं आणि आत गेली. साहेब बाहेर येऊन पालकांच्या बाकावर बसले. एक तरी उत्तर बरोबर आलं असतं याची चुटपुट होती, पण तेवढीच.

"मुलगी आत आहे का?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"बायको," साहेब म्हणाले.

निकाल लागला त्या दिवशी साहेबांनी रजा घेतली. कॉलेजच्या फाटकापाशी यादी लावली होती. बायको गर्दीत मागेच राहिली, साहेब घुसले. तिचं नाव होतं! साहेबांनी नीट दोनदा वाचलं, बैठक क्रमांक ताडून बघितला आणि मगच मागे वळून हात उंचावला. बायकोने डोळ्यांना पदर लावला. साहेबांना वाटलं, आत्ता या क्षणी आपल्याला काहीही नको. मग त्यांनी सवयीने खालची नावं वाचली. डॉक्टरही होते. तिच्या खाली होते हे खरं, पण होते. कायद्याचा अभ्यासक्रम काही वर्षांचा असतो, आणि वर्ग रोज संध्याकाळी असतो.

दोघं चालत घरी निघाले. बायको भरभरून बोलत होती. कुठले विषय असतील, पुस्तकं कुठे मिळतील, डॉक्टरांना फोन करून सांगायला हवं. साहेब नुसतं हूं हूं करत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा की."

"साडूच्या नावाची चूक आहे. आईच्या आहे. वॉचमनच्यासुद्धा आहे. मी एवढा टाकाऊ आहे का गं? माझ्या नावाची एक चूक का नाही?"

बायको चालता चालता थांबली. साहेबांना वाटलं आता ही हसणार. पण ती हसली नाही.

"डॉक्टर कितीदा म्हणाले, वहिनी, साहेबांच्या नावाची एक ठेवू या. मीच नको म्हटलं."

"का?"

"भाऊजी आपल्या चुका गावभर सांगत सुटतात. आईंच्या तर सगळ्या बिल्डिंगला पाठ आहेत. त्यांची नावं वापरली तर काय बिघडलं?" ती पुन्हा चालायला लागली. "तुमच्या चुका मी एवढ्या वर्षांत एकेक करून वेचल्यात. त्या काय म्हणून त्या डॉक्टरबरोबर वाटून घेऊ? माझ्या आहेत त्या."

साहेब भरभर पावलं टाकून तिच्या बरोबरीला आले आणि म्हणाले, "पुष्कळ आहेत का?"

"सांगू?"

"सांग."

"चष्मा डोक्यावर असतो, आणि सापडत नाही म्हणून घरात पसारा झालाय असा निष्कर्ष काढता. मी गप्प बसले की चिडलेय समजता, आणि चिडले की दमलेय समजता. दात दुखत नसताना डॉक्टरकडे जाता, आणि वर समजता की बायकोला कळलं नाही..."

साहेब ऐकत होते. मध्येच "बरं," म्हणत होते. बायको बोटांवर मोजून सांगत होती आणि सांगता सांगता हसत होती. जिन्यातून वर यायचं तेच हसणं. कोपऱ्यावर त्यांची बिल्डिंग दिसायला लागली तसे साहेब थबकले.

"तिकडून वळसा घालून जाऊ या का?"

"कशाला? तिकडे काय आहे?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "तू सांग पुढे."